मानकरकाकांचा चौथा गण

मानकरकाका दाढी करताना लॅटिन क्रियापदं चालवत असत.

चालवत म्हणजे, शाळेत आपण संस्कृतचे धातू चालवायचो ना, तशी. गालाला साबण फासलेला, गॅलरीच्या खांबाला आरसा टांगलेला आणि वस्तऱ्याच्या एकेका ओढीला एकेक रूप. 'आमो' म्हटलं की उजवा कल्ला. 'आमास'ला उजवा गाल. 'आमात' हनुवटीच्या अलीकडे. मग वस्तरा पाण्यात बुचकळायचा आणि 'आमामुस, आमातिस, आमान्त' करत डावी बाजू साफ. मी प्रेम करतो, तू करतोस, तो करतो, आम्ही, तुम्ही, ते. सहा रूपांत दाढी उरके. काकांना मिशी होती म्हणून बरं, नाहीतर लॅटिनला एक रूप कमी पडलं असतं.

काळ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा. गिरगावात तेव्हा घोषणा येत नाहीत असा माणूस शोधूनही सापडला नसता. आमच्या गोमतीनिवास चाळीतलं तान्हं पोरसुद्धा 'झालाच पाहिजे'च्या ठेक्यावर दूध मागायचं. अशा दिवसांत पहिल्या मजल्यावरून रोज सकाळी 'मोनेओ, मोनेस, मोनेत' ऐकू यायला लागल्यावर लोकांनी नाना तर्क केले. कुणी म्हणालं, काकांनी नवी कवळी बसवली असेल, तिचा सराव चाललाय. तळमजल्यावरचे जोशीबुवा, म्हणजे आमचे भटजी, त्यांचं मत पडलं की पित्त डोक्यात गेलं की असं होतं. माझी खोली काकांच्या भिंतीला लागून. मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचो, त्यामुळे काका मला 'मास्तर' म्हणायचे आणि आपली सगळी कामं हक्कानं सांगायचे. तेव्हा खरं कारण सगळ्यांत आधी मला कळलं. ते बुवांच्या पित्तापेक्षा भारी होतं.

पण आधी काका सांगतो.

मानकर जुने मुंबईकर. त्यांच्या पणजोबांची म्हणे ठाकुरद्वारला नारळीची वाडी होती. कसल्याशा कागदावर पणजोबांनी न वाचता सही केली आणि वाडी गेली, अशी घरात दंतकथा. तेव्हापासून त्या घराण्यात न वाचता कुणी सही करत नाही. काका तर फोर्टातल्या एका सॉलिसिटरांच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. म्हणजे आधीच मर्कट. तार आली तर तारवाल्याला दारात उभा करून पावतीवरचा बारीक मजकूर वाचत आणि मग तार उघडत. गणपतीची वर्गणी मागायला गेलो, तर पावतीवर 'श्रींच्या कृपेने' छापलेलं पाहून त्यांनी विचारलं, "श्रींची लेखी संमती आहे का?"

कचेरीतल्या कागदांतून उचललेले लॅटिनचे तुकडे त्यांच्या तोंडात कायम. भाजीवालीला म्हणत, "बाई, प्रायमा फेशी, सकृद्दर्शनी, ही मेथी कालची आहे." नळाचं पाणी गेलं की "पाणी सायनी डाय, बेमुदत तहकूब." नळावर बायका भांडल्या आणि एकीनं येऊन गाऱ्हाणं मांडलं, की काका हात वर करत. "मी एक्स पार्टी ऐकत नाही. दुसरीला बोलवा." दुसरी आली की पहिलीचं भांडण पुन्हा पहिल्यापासून. तोवर पाणी गेलेलं असे.

काकांच्या लग्नाची गोष्ट काकी होत्या तेव्हा फार रंगवून सांगायच्या. मंडपात अंतरपाट धरलेला, अलीकडे काका, पलीकडे काकी, भटजी मंत्र म्हणताहेत. तेवढ्यात नवरदेव म्हणाले, "सावकाश! ह्याचा अर्थ काय?" भटजींनी सांगितला. पुढच्या मंत्राला पुन्हा "सावकाश!" अंतरपाट धरणाऱ्या मामांचे हात भरून आले, मुहूर्त टळायची वेळ आली, वऱ्हाडी अक्षता मुठीत घेऊन घामेजले. शेवटी अंतरपाटाआडून काकींना हसू फुटलं, चांगलं आवाज करून. "ह्यांनी माझं तोंड बघायच्या आधी माझं हसू ऐकलं," असं काकी म्हणायच्या. आणि काका गंभीरपणे पुस्ती जोडायचे, "तेवढीच एक गोष्ट मी न वाचता मंजूर केली."

काकी गेल्या, आणि घरात बापलेक राहिले. लेक कुंदा. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. दिवसभर अख्ख्या मुंबईचं चिडणं कानांत घेऊन संध्याकाळी घरी येई, तरी तिचा आवाज कधी चढलेला आम्ही ऐकला नाही. ह्या कुंदानं एके दिवशी, बापाच्या पानात बोंबलाचं कालवण वाढता वाढता सांगितलं की मी सायमनशी लग्न करणार आहे.

सायमन आमच्या मागच्या वाडीतला. गोदीत माल मोजणारा टॅलीक्लार्क, आणि रविवारी चर्चमध्ये फिडल वाजवायचा. मुलगा सालस. लहानपणापासून आमच्या गणपतीत आरतीला टाळ कुटायला पहिला. पण टाळ कुटणं वेगळं आणि जावई होणं वेगळं. ख्रिस्ती मुलाशी लग्न म्हटल्यावर एरवी त्या काळी घरात भांडी आपटली असती. काकांनी भांडी आपटली नाहीत. ते कचेरीतला माणूस. त्यांनी तांत्रिक हरकत घेतली.

"मला धर्माबद्दल काही म्हणायचं नाही," ते म्हणाले. "पण लग्न म्हणजे करार. त्यांच्या चर्चमध्ये तो लॅटिनमध्ये होतो. ज्या कराराची भाषा मला कळत नाही, त्याला मी साक्षीला उभा राहणार नाही. मुलीच्या लग्नात बापच नसेल तर ते लग्न कसलं? बस."

हरकत बिनतोड होती. काकांनी शांतपणे भात कालवला.

कुंदा म्हणाली, "मग शिका ना बाबा. आम्ही थांबतो."

काकांचा घास हातातच राहिला, असं कुंदानं मला नंतर सांगितलं. उभ्या हयातीत समोरच्या पक्षानं त्यांना इतकं झटपट कोंडीत धरलं नव्हतं. शेवटी तह झाला. लॅटिन क्रियापदांचे चार गण आहेत, त्या चारी गणांची वर्तमानकाळाची रूपं काकांनी शिकायची. धोबीतलावाच्या मिस परेरांनी परीक्षा घ्यायची. मिस परेरांनी 'पास' म्हटलं की फादरांना भेटून तारीख धरायची. कसलीशी खास परवानगी फादर वरून आणवणार होते. तोपर्यंत लग्न सायनी डाय.

मिस परेरा म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण. सायमनच्या आईचीही मास्तरीण. पांढऱ्या बुचड्यात पेन्सिल खोचलेली, मांडीवर लठ्ठ मांजर. दर रविवारी चर्च आटोपलं की परीक्षा. आणि परीक्षा म्हटली की काकांच्या हिशेबी तटस्थ साक्षीदार हवा, म्हणून दर रविवारी मी. माझे रविवार असे गेले.

पहिल्याच दिवशी काका ऐटीत म्हणाले, "प्रायमा फेशी मला थोडं येतं."

मिस परेरांनी कानांवर हात ठेवले. "काय बोललात ते? प्रीमा फाचिए! तुमच्या कोर्टानं लॅटिनचा खून केलाय, मिस्टर मानकर. उभे राहा. आमो."

"आमो," काका म्हणाले.

"चूक. बसा."

मग काकांना आणखी एक धक्का बसला. लॅटिनला द्विवचन नाही. एक आणि अनेक, बस. संस्कृतात भवति, भवतः, भवन्ति घोकलेल्या माणसाला हे पचेना. घरी येताना ते मला म्हणाले, "मास्तर, ज्या भाषेत दोघांसाठी रूप नाही, त्या भाषेत लग्नं लावतात! आणि गण किती, तर चार. आपल्याकडे दहा आहेत. गरीब भाषा आहे हो." भाषेची गरिबी कळल्यावर मात्र ते तिच्याशी जरा ममतेनं वागू लागले.

त्यांनी सायमनला एकदा बोलावून घेतलं. सायमन लहानपणी वेदीपाशी फादरांच्या हाताखाली असायचा, त्याला लॅटिन प्रार्थना तोंडपाठ. धडाधड म्हणून दाखवल्या त्यानं.

"अर्थ?" काकांनी विचारलं.

सायमननं डोकं खाजवलं. "काका, ते फादरला माहीत."

"आणि फादर आजारी पडले तर?"

"मग दुसरा फादर येतो."

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा. न वाचता सही." पणजोबांची नारळीची वाडी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिलेली मला दिसली.

तरी पहिला गण पार पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला, 'रेगो, रेगिस, रेगित'ला, अख्खी गॅलरी काकांबरोबर दाढी करायची. माझं घड्याळ बिघडलं तरी मला शाळेला उशीर झाला नाही. 'रेगुन्त' ऐकू आलं की मी बूट घालायचो. चाळीतल्या बायका सणाचं लुगडं घेताना थांबायच्या, कुंदाच्या लग्नालाच घेऊ म्हणून. जिन्यात काका दिसले की "कितवा गण?" असं जो तो विचारायचा. मुंबईचा निकाल आधी लागतो की कुंदाच्या लग्नाचा, यावर तळमजल्यावर पैजा लागल्या. बुवांनी मुंबईवर लावली होती.

बुवा जिंकणार अशी लक्षणं दिसू लागली, कारण चौथ्या गणात गाडं अडलं.

चौथ्या गणाचं क्रियापद 'आउदिओ'. म्हणजे मी ऐकतो. सकाळी काकांचं सुरू व्हायचं, आउदिओ, आउदिस, आउदित, आउदिमुस... आणि वस्तरा थांबायचा. डावा गाल तसाच साबणात. गॅलरीभर शांतता. मग आतून, स्टोच्या फरफरीतून, कुंदाचा तो एक्स्चेंजमधला शांत आवाज यायचा, "आउदितिस, बाबा."

"हां. आउदितिस, आउदिउन्त," काका म्हणायचे आणि गाल पुरा करायचे.

हे रोज. उन्हाळा गेला, पाऊस गेला, नवरात्र आलं. रविवारी मिस परेरांपुढेही तेच. आउदिमुसपर्यंत काका रेसच्या घोड्यासारखे जात आणि तिथं मान खाली घालत. मिस परेरा मांजर खाजवत म्हणत, "चूक. बसा. पुढच्या रविवारी." मी वैतागून गेलो होतो. अहो, मला ते रूप येत होतं. माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकाला येत होतं, कारण चित्र काढताना मी तेच पुटपुटत असे.

अशाच एका नापास रविवारी आम्ही धोबीतलावाहून परत निघालो. गावात काहीतरी झालं होतं, जमावबंदी लागलेली, ट्राम बंद, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. रस्त्यावर आम्ही दोघंच. मी गप्प आणि काका सवयीनं पुटपुटत. कोपऱ्यावर एका हवालदारानं आडवी काठी धरली.

"ओ म्हातारबा, थांबा. कसली घोषणा देताय?"

"घोषणा नाही," काका म्हणाले.

"मग व्हट कशापायी हलत्यात? काय म्हनताय ते मोट्यानं म्हना. समदं."

काकांनी टोपी काढून काखेत धरली. डोळे मिटले. आणि सुरू झाले. आमो, आमास, आमात. मोनेओ, मोनेस, मोनेत. रेगो, रेगिस. मिस परेरांसमोर उभे राहायचे तसे ताठ उभे, त्या ओस रस्त्यावर, काठीच्या धाकानं, एका दमात. आउदिओ, आउदिस, आउदित, आउदिमुस, आउदितिस, आउदिउन्त. कुठं अडणं नाही, अडखळणं नाही.

हवालदारानं काठी बगलेत धरली आणि हात जोडले. "चुकी झाली, महाराज. कुठल्या देवाचं म्हनायचं हे?"

"प्रायमा फेशी," काका कपाळ पुसत म्हणाले, "सगळ्यांचंच."

"आमचं धाकलं लय रडतं. नायगावच्या पोलीस लायनीत कुनाला झोप न्हाई. त्येच्या कानात म्हनलं तर चालंल का?"

"म्हणा. झोप नक्की लागेल. मास्तरांना लागते."

हवालदारानं आम्हाला कोपऱ्यापर्यंत पोचवलं. पुढं गेल्यावर मी थांबलो. म्हटलं, "काका, आउदितिस आलं की तुम्हाला."

बंद असलेल्या इराण्याच्या पायरीवर काका बसले. मीही शेजारी बसलो. हेडक्लार्क पकडला गेला की तो कसा दिसतो ते मला माहीत नव्हतं. तो फार म्हातारा दिसतो.

"येतं रे," ते म्हणाले. मला त्यांनी पहिल्यांदाच 'रे' म्हटलं. "केव्हाचं येतंय. पण मी अडलो की आतून तिचा आवाज येतो. तेवढा एक शब्द. सकाळ तिथून सुरू होते माझी. ती गेल्यावर मी अडलो तर कोण सांगणार? भिंत?"

"पण काका, ती दोघं थांबलीत."

"माहीत आहे. म्हणून तर रविवारी मान वर करवत नाही. दर शनिवारी ठरवतो, उद्या म्हणायचं. आणि आउदिमुस म्हटलं की जीभ वळत नाही." टोपीवर नसलेली धूळ त्यांनी झटकली. "कुंदाला बोलू नकोस."

मी बोललो नाही. पण दुसऱ्याच दिवशी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता कुंदा मला म्हणाली, "दादा, काल बाबांचा चेहरा उतरला होता. काही बोलले का तुमच्याशी?"

"नाही," मी म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही, आणि कुंदाला टेलिफोनवरून माणसं ओळखायची सवय.

ती हसली. "त्यांना येतं ना? मला माहीत आहे. दुपारी झोपेत म्हणतात ते. अजिबात न अडता."

"मग तू रोज कशाला सांगतेस?"

"त्यांना हवं असतं म्हणून." चादरीचं टोक तिनं माझ्या हातात दिलं. "सायमनला मी सांगितलेलं नाही. तो बिचारा अजून रोज विचारतो, काकांची प्रगती कशी. पण बाबांना मी ओढून नाही नेणार. ते आपण होऊन आले तरच त्या लग्नाला अर्थ. नाहीतर काय, ती पण न वाचता केलेली सही." शेवटी ती मानकरांचीच मुलगी होती.

असे दोघं बापलेक एकमेकांना फसवत होते, आणि ते दोन्हीकडून फक्त मला ठाऊक. पोटात गुपित घेऊन मी आमच्या हिच्यासमोरही जेवायला बसायला घाबरायचो. ही म्हणायची, तुम्हाला पण पित्त झालंय, बुवांना विचारा.

गाडं हललं ते सायमनमुळे. पुढच्या रविवारी सकाळी तो गॅलरीत आला. धोतर नेसून. नेसलेलं असं की बुवांनी ते मागून धरलं होतं.

"काका," सायमन म्हणाला, "मी काय बोलतो, तुम्हाला लॅटिन जमत नाय. आपला जीव कशाला मारता ह्या वयात? सोडून द्या. मी बुवांकडून तुमचे मंत्र शिकलो. अर्थासकट. तुमच्या पद्धतीनं लग्न करू. विचारा काय पण."

काका आरशासमोर तसेच उभे. अर्धा गाल साबणात. त्यांनी एक मंत्र विचारला. सायमननं म्हटला आणि अर्थही सांगितला. दुसरा विचारला. तोही आला. फिडलवर बसलेला गळा, उच्चार बुवांपेक्षा स्वच्छ. बुवांनी अभिमानानं हात वर केले, तसं धोतर सुटायला लागलं. त्यांनी ते घाईनं परत धरलं.

"तुझ्या घरी काय म्हणतात?" काकांनी विचारलं.

"पप्पा बोलत नाय माझ्याशी."

"आणि आई?"

सायमननं जमिनीकडे पाहिलं. "ती रडते. बोलते, तू चर्चमध्ये उभा नाय राहिलास तर मला हात धरून वेदीपुढे कोण नेईल? सकाळी मी फिडल वाजवतो ना, तिला वाटतं ते पण बंद होईल. होईल ती गप्प, काका. तुम्ही नका काळजी करू."

काका आरशात पाहत होते, पण दाढी करत नव्हते. पलीकडच्या घरातही एक बाई सकाळच्या एका आवाजासाठी रडते आहे, हे त्यांना आत्तापर्यंत कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी इतके दिवस एक्स पार्टी ऐकलं होतं.

आतून कुंदा दारात येऊन उभी राहिली. काकांनी टॉवेलनं साबण पुसला, तसाच, अर्धी दाढी ठेवून. कोट चढवला. "मास्तर," ते म्हणाले, "चला."

"काका, दाढी?"

"चला म्हणतो ना."

धोबीतलावापर्यंत ते पुढे आणि मी मागे. मिस परेरा नुकत्याच चर्चमधून येऊन कॉफी पीत होत्या. काका खुर्चीमागे उभे राहिले. एका बाजूला गाल गुळगुळीत, एका बाजूला पांढरी खुंटं. चारी गण त्यांनी सरळ म्हटले. आउदिमुसनंतर त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आउदितिस." मग अगदी हळू, "आउदिउन्त."

मिस परेरांनी कप खाली ठेवला. "पास."

मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पावसाळ्याआधीच येत होतं तुम्हाला, मिस्टर मानकर. शिकवणाऱ्याला कळतं."

काका चपापले. "मग बोलला नाहीत?"

"मी कशाला बोलू?" त्यांनी मांजर उचलून मांडीवर घेतलं. "रविवारी माझ्याकडे तरी दुसरं कोण येतं?"

लग्न चर्चमध्येच झालं. मुंबईचा निकाल अजून लागायचा होता, त्यामुळे बुवा पैज हरले, पण आहेर म्हणून त्यांनी तांब्याभांडं दिलं. आमची अख्खी चाळ बाकांवर बसली होती, अर्धी चपला बाहेर काढून आणि अर्धी चपला नेमक्या कुठे काढायच्या ह्या विचारात. काका पुढच्या बाकावर, जरीकाठी उपरणं, हात कानामागे. शिकलेलं एक अक्षर फुकट जाऊ द्यायचं नाही म्हणून.

आणि फादरांनी मुख्य प्रश्न विचारले ते चक्क मराठीत. ह्याला तू नवरा म्हणून पत्करतेस का, हिला तू बायको म्हणून पत्करतोस का. आमच्या ओटीवर विचारावेत तसे. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना फसवलं होतं. नंतर कुठं चार ओळी लॅटिन आली, तीही फादरांनी आमच्या बुवांच्या वरताण वेगात, पुटपुटत उरकायला घेतली.

"सावकाश!" काका उभे राहून ओरडले.

चर्च दचकलं. फिडलवाले दचकले. फादरांच्या हातून पुस्तक निसटता निसटता वाचलं. पण फादर भला माणूस. ते थांबले, काकांकडे पाहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून, एकेक शब्द मोकळा करत म्हणाले. काका प्रत्येक शब्दाला मान डोलवत होते. मी त्यांना नंतर विचारलं, सगळं कळलं का? ते म्हणाले, फारसं नाही. क्रियापदं सगळी दुसऱ्याच काळातली होती.

पण ते नंतर. तेव्हा झालं असं की "सावकाश!" ऐकून कुंदाच्या पांढऱ्या जाळीआडून हसू फुटलं. चांगलं आवाज करून. काकींचंच हसू, तसंच्या तसं. काकांच्या कानामागचा हात खाली आला आणि ते बाकावर बसले. डोळे पुसले त्यांनी, लाजबिज न बाळगता. मग कोटाच्या खिशात हात घालून मूठभर अक्षता काढल्या आणि फादरांचं वाक्य संपताक्षणी उधळल्या. आम्हा सगळ्यांच्याच खिशांत होत्या. कुणी ठरवलं नव्हतं, पण लग्नाला रिकाम्या हातानं कोण जातं? फादरांच्या चष्म्यावर, फिडलच्या पोटात, मिस परेरांच्या बुचड्यात, सगळीकडे तांदूळ झाला. सायमनची आई रडता रडता हसत होती, आणि तिनं वाकून चार दाणे उचलून परत पोरांच्या डोक्यावर टाकले.

सायमनला गोदीकडून रे रोडला खोली मिळाली होती. संध्याकाळी कुंदा तिकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरशासमोर उभा होतो. कान भिंतीकडे. आज काही ऐकू येईल असं मला वाटत नव्हतं. चाळीलाही वाटत नसावं, कारण नळावरसुद्धा त्या दिवशी कुणी भांडत नव्हतं. मग वस्तरा पाण्यात बुडल्याचा आवाज आला. आणि काकांचा.

"आउदिओ. आउदिस. आउदित. आउदिमुस..."

थांबले. स्टो पेटलेला नव्हता, त्यामुळे ती शांतता फारच मोठी वाटली. आमच्या हिनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंडावरच्या साबणासकट गॅलरीत आलो. काका आरशात बघत उभे होते, डावा गाल पांढरा.

"आउदितिस, काका," मी म्हणालो.

काकांनी आरशातूनच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"उच्चार चूक," ते म्हणाले. "बसा." आणि पुढचं रूप म्हणून गाल पुरा केला.

मी आत आलो, दाढी उरकली, शाळेत गेलो. त्या माणसाला चारी गण मिस परेरांसमोर आले होते, पोलिसाच्या काठीसमोर आले होते, झोपेतसुद्धा येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आउदिमुसवर थांबले आणि माझी वाट पाहू लागले.